पुढच्या चाकातली हवा

१

"बाबा! पुढचं चाक पार बसलंय!"

धाकटीची हाक आली तेव्हा सर्व्हेअर चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले होते. कप असा तापलेला की दुसऱ्या कुणीही एव्हाना बोटं झटकली असती. त्यांनी झटकली नाहीत. थोरला मुलगा गेल्यापासून त्यांच्या अंगाला काही लागतच नव्हतं. चटका नाही, गारठा नाही, रडू तर नाहीच. माणसं आली, गळ्यात पडून रडून गेली, आणि हे त्यांच्या पाठी थोपटत राहिले. जणू मुलगा त्या माणसांचाच गेला होता आणि हे समाचाराला आले होते.

सर्व्हेअर हे काही त्यांचं नाव नव्हे. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या, ठोकरलेल्या गाड्या तपासण्यात त्यांनी सगळी हयात घालवली, म्हणून गल्लीने पाडलेलं नाव. निवृत्त झाले तरी ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

"ऐकताय ना?" धाकटी दारात आली. अंगात जाकीट, एका पायात बूट, दुसरा हातात. "बस तर पहाटेच गेली. बारापर्यंत हजर झाले नाही तर दुसऱ्या नंबरची बाई बसलीच आहे टपून. आणि सकाळपासून सगळं उलटंच चाललंय. पोर्चमध्ये पाणीच पाणी, बुटात खडा, आणि आता हे!"

तिने बूट वैतागून रॅकवर फेकला आणि चपला सरकवल्या.

दोन डोंगरांपलीकडच्या दवाखान्यात एक्स-रे काढायची जागा तिला मिळाली होती. मिळाली म्हणजे कशी, तर अर्ज करून, परीक्षा देऊन, आणि मुलाखतीच्या ऐन आठवड्यात भाऊ गेला तरी कोरड्या डोळ्यांनी जाऊन. आज हजर व्हायचा शेवटचा दिवस. जायचं होतं दादाच्याच मोटरसायकलवरून.

सर्व्हेअर उठले. गाडी पोर्चमध्ये उभी होती; पुढचं चाक सपाट, मान टाकलेल्या जनावरासारखं. फरशी ओली. ते उकिडवे बसले, चाकावरून हात फिरवला, आणि बोट एका जागी अडलं.

खिळा.

"लागला असेल कुठे रस्त्यात," धाकटी म्हणाली. "काल मैदानावर चार चकरा मारल्या मी."

सर्व्हेअर खिळ्यावर वाकले. रस्त्यावर लागलेल्या खिळ्याचं डोकं घासून घासून झिजतं, मातीने काळवंडतं. या खिळ्याचं डोकं स्वच्छ होतं. हा खिळा रस्त्यावरून एक हातभरसुद्धा फिरलेला नव्हता. आणि काल झोपण्यापूर्वी फाटकाला कुलूप घालताना त्यांनी नेहमीच्या सवयीने दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले होते. हवा थोडी कमी, पण टायर टणक होते.

कुलूप अजून तसंच होतं. किल्ली त्यांच्याच उशाखाली होती.

म्हणजे खिळा मारणारा हात घरातलाच होता.

२

"काका! फाटक उघडा की! निरोपाला आलोय, आणि तुम्ही मला बाहेरच ठेवताय?"

फाटकाबाहेर हवावाला उभा होता. थोरल्याचा शाळेपासूनचा मित्र. पेट्रोलपंपावर गाड्यांत हवा भरायचं काम त्याच्याकडे, आणि बोलण्यातही हवाच जास्त, म्हणून नाव दुहेरी शोभायचं. चाक पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"अरे देवा! काल संध्याकाळी तर ठीक होतं. मी स्वतः बघून गेलो."

"हो ना," धाकटी म्हणाली, "बघून गेलास, आणि सकाळी हे. गाडी विकत मागितलीस, मी नाही म्हटलं, म्हणून तर नाही ना केलंस?"

"माझ्या मित्राची गाडी फोडू मी? तोंडाला काही सुमार?"

"चोराच्या मनात चांदणं."

"चांदणं काढतेस? दिवसाढवळ्या?"

दोघं असे भांडायचे ते पहिल्यापासून. फरक इतकाच की पूर्वी मध्ये तिसरा हसायला असायचा. आता भांडण दोन वाक्यांतच विझलं.

"काल आपण चहा पीत होतो तेव्हा तू नेमकं काय म्हणालास रे?" सर्व्हेअरनी विचारलं. "शब्द न् शब्द सांग."

हवावाल्याने डोकं खाजवलं. "म्हणालो की हवा जुनी झालीय. सकाळी निघताना पंपावर आण, दोन्ही चाकांतली सगळी हवा काढून टाकतो आणि नायट्रोजन भरून देतो. घाटात टायर तापत नाही त्याने. एवढंच. सगळे होतात की तुम्ही तिथे. काकूंनी बिस्किटं पुढे केली, वहिनी कपडे वाळत घालत होत्या."

त्याने काही सैल केलं असतं, तर झोपण्यापूर्वीच टायर अंगठ्याखाली मऊ लागला असता. आणि रात्रभर तो कुलपाबाहेर. सर्व्हेअरनी त्याला मनातल्या कागदावरून खोडलं.

मग घरात उरले चौघे. धाकटी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार नाही. ते स्वतः झोपलेले होते. राहिल्या दोन बाया. एकीचं एक लेकरू गेलं होतं आणि दुसरं आज चाललं होतं. दुसरी, थोरल्याची बायको, याच घरात दोन म्हाताऱ्यांसोबत मागे उरणार होती.

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला चावायचं?

"काका, पक्कड द्या, पंक्चर काढून टाकतो, अर्ध्या तासाचं काम."

"थांब," सर्व्हेअर म्हणाले. "चाकाला हात लावू नकोस. आधी मला एक गोष्ट बघू दे."

त्यांनी पक्कड घेऊन खिळा स्वतः उपसला. तळहातावर ठेवला. उजेडात फिरवून पाहिला, मूठ मिटली आणि ते घरात गेले.

३

बायको ओट्याशी उभी राहून सफरचंद कापत होती. पोरीच्या डब्यासाठी. फोडी एकसारख्या, जशा गेली कित्येक वर्षं.

"आज पहाटे काही ऐकलंस?"

"मी काय ऐकणार? पाण्याची मोटर चालू होती ना. तिच्या घरघरीत स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही माणसाला."

"पोरगी चाललीय. वाईट वाटतं तुला?"

तिने सुरी थांबवली. "तुम्ही हे मला विचारताय की मी गाडी फोडली का?"

"मी फक्त विचारतोय."

"मुलगी जावी म्हणून मी काल तिच्या बॅगेत लोकरीचे मोजे भरले. हिच्या मुलाखतीच्या दिवशी आपल्या घरात काय होतं, आठवतं ना? तरी मीच तिला दाराबाहेर ढकललं. जा म्हटलं, दादाला आवडलं असतं. आज अडवीन होय?"

हे खरं होतं. सर्व्हेअरना खऱ्याचा आवाज ओळखू येई. पण सगळं खरं बोलणारा माणूससुद्धा एखादी गोष्ट न बोलता ठेवू शकतो, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

धाकटी आत डोकावली. "आई, दादाची हवेची उशी बघितलीस? प्रवासातली, गळ्यात घालायची? घडी करून बॅगेत ठेवली होती काल."

"असेल तिथेच. नीट बघितलं तर सापडेल."

"तीनदा उचकली बॅग."

"मग राहू दे ना! मोटरसायकलवर काय झोपणार आहेस?"

हे मात्र तिने फार पटकन म्हटलं. सर्व्हेअर उंबरठ्यात घुटमळले, मग सुनेच्या खोलीकडे वळले. मुठीत खिळा होता. त्याच्या डोक्याखाली रंगाची एक बारीक कड लागलेली होती. फिकट हिरवी.

या घरात हिरव्या भिंती एकाच खोलीला होत्या.

४

सून पलंगावर चादर घालत होती. सासरे आलेले पाहून तिने पदर सावरला आणि चादर पुन्हा सारखी केली. ती आधीच सारखी होती.

पलंगाशेजारच्या भिंतीवर थोरल्याचं घड्याळ टांगलेलं असे. ऑफिसातून आला की तो ते तिथे अडकवायचा. आज घड्याळ उशीवर पडलेलं होतं, आणि भिंतीत हिरव्या रंगाच्या मधोमध एक पांढरं भोक.

सर्व्हेअरनी तळहात उघडला.

"खिळा इथलाच ना, बाळ?"

तिने खिळ्याकडे पाहिलं. मग एकदम सरळ उभी राहिली. "हो, बाबा. मीच पंक्चर केलं."

खाली पोर्चमध्ये धाकटी हवावाल्याला काहीतरी सुनावत होती. सर्व्हेअरनी खिळा पुन्हा मुठीत धरला.

"का?"

"एकटी पडेन म्हणून. ती गेली की या घरात माझ्याशी बोलणारं कोण आहे? तुम्ही बोलत नाही. आई बोलतात त्या भाज्यांशी."

"कसा मारलास?"

"बत्त्याने."

"हं. पहाटे दोन ठोके ऐकले मी झोपेत. वाटलं, आलं कुटतेस. मग खिळा घुसल्यावर काय झालं?"

"काय होणार? हवा गेली. फुस्स करून."

सर्व्हेअर पलंगाच्या कडेवर बसले. आवाज त्यांनी चढवला नाही. चढवण्याइतकं काही आत उरलेलंच नव्हतं. "बाळ, हा खिळा माझ्या नखाएवढा आहे. घड्याळ अडकवायला पुरे. टायर थोरल्याने नुकताच नवा टाकला होता, त्याचं नुसतं रबरच याच्याहून जाड आहे. आतल्या ट्यूबला या खिळ्याचं टोकसुद्धा लागलेलं नाही. तू खिळा मारलास तेव्हा चाक बसलेलंच होतं. लोकांचं खोटं ऐकण्याचा तर मला पगार मिळायचा. तुझं खोटं चांगलं आहे, पण खिळा लहान पडला."

सुनेने उशीवरचं घड्याळ उचललं.

"तू कुणाला पाठीशी घालतेस?"

"मी कुणालाही पाहिलेलं नाही. देवाशपथ. पाणी बघायला पोर्चमध्ये गेले, चाक बसलेलं दिसलं. वाटलं, आता तुम्ही चौकशी करणार. तुमची चौकशी म्हणजे..." ती थांबली. "घरात आता आणखी काही तुटायला नको होतं, बाबा."

"पाणी कसलं?"

"टाकी वाहत होती ना. आईंनी मोटर लावली पहाटे. काल धुणं होतं म्हणून टाकी तर मी संध्याकाळीच काठोकाठ भरून..."

तिने जीभ चावली. पण शब्द आणि हवा, एकदा सुटली की सुटली.

५

सर्व्हेअर पुन्हा चाकापाशी बसले. नोकरीत असताना अहवाल लिहायचे ते मनातल्या मनात लिहू लागले. नुकसान: पुढचं चाक. कारण: खिळा नव्हे. मग?

त्यांनी वॉल्व्हचं टोपण फिरवून काढलं. थोरल्याची आवडती पितळी टोपणं. डोक्याला दोन शिंगं असलेली, उलटी धरून फिरवली की वॉल्व्हच्या आतली पिन निघते. आईला तो हे टोपण हौसेने दाखवायचा, लहान मूल खेळणं दाखवतं तसा.

वॉल्व्हमध्ये डोळा घालून त्यांनी पाहिलं. आत पिन नव्हती. नुसती पोकळ नळी.

"कोणीतरी पिन काढून नेली की काय काका?" हवावाला वाकला. "पण असं कोण करेल? चाक बसवायचं तर नुसती पिन दाबून धरली तरी पुरे."

"बरोबर. आणि पिन काढली की आवाज किती होतो?"

"शिट्टीच! अर्धी गल्ली उठेल."

"म्हणून भरलेल्या टाकीवर मोटर लावली गेली," सर्व्हेअर स्वतःशीच म्हणाले.

धाकटी कमरेवर हात ठेवून उभी होती. "म्हणजे आईने? आई मला जाऊ देत नाहीये?"

"तसं असतं तर तिने मागचं चाकही बसवलं असतं. एक बसलेलं चाक म्हणजे अर्ध्या तासाचा खोळंबा. दोन म्हणजे दुपार. शिवाय तिने टोपण परत घट्ट लावलंय. नासधूस करणारा माणूस मागे झाकण लावत बसत नाही." त्यांनी टोपण हातात फिरवलं. "तिला तुझा प्रवास मोडायचा नव्हता. चाक बसवायचं हे तिच्या डोक्यातही नव्हतं. तिला या चाकातलं काहीतरी काढून ठेवायचं होतं. हवावाल्याच्या हाती लागण्याआधी."

"चाकात असतंय काय?" धाकटी म्हणाली. "नुसती हवा!"

सर्व्हेअर उठून उभे राहिले. एक हवेची उशी हरवली होती, आणि ती कुठे असेल ते त्यांना आता डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

६

थोरल्याचं कपाट उघडं होतं. बायको त्याच्यासमोर खाली बसलेली. स्वेटरांच्या थप्पीआड उशी होती, निळी, टम्म फुगलेली, तोंडाचं बूच दोऱ्याने गच्च बांधलेलं.

"सापडली का तुमची चोरी?" ती मागे न वळता म्हणाली.

ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले.

"त्या सकाळी ऑफिसला जायच्या आधी त्याने चाकांत हवा भरली होती," ती म्हणाली. "पायपंपाने. मी दारात उभी होते. म्हटलं, पंपावर तुझा दोस्त आहे ना, फुकट भरून देतो, कशाला दमतोस? तर म्हणाला, आई, यंत्राची हवा ती यंत्राची, ही माझ्या घामाची आहे. हसत होता. कपाळावर घाम होता खरंच. मी पदराने पुसला." ती थांबली. "मग गेला. ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या प्राण गेला, म्हणतात. मला काही दिसलं नाही. मला शेवटचं दिसलं ते हे."

सर्व्हेअर ऐकत होते. शब्द त्यांच्यापर्यंत येत होते, पण कापसातून आल्यासारखे.

"आणि काल हा म्हणाला, सगळी जुनी काढून टाकतो. घरातला केर काढावा तसा. मी त्याला काय सांगू? की बाबा रे, त्यात माझा मुलगा आहे? वेड लागलं म्हणाला असता. तुम्हीसुद्धा म्हणाला असतात."

"नसतो म्हणालो."

"तुम्ही काहीच म्हणाला नसतात."

हा चटका मात्र कुठेतरी लागला. थोडासा.

"मला थोडीशीच घ्यायची होती हो. उशीभर. पण टोपण फिरवलं तशी पिन बंदुकीतून सुटावी अशी उडाली, कुठे गेली दिसेना. उशी भरली, बांधली, तरी हवा येतच होती. मी बोट लावून बसले. राहते होय? माणसाचा प्राण निघाला की कुणाच्या बोटाने धरता येतो? मोठमोठे ज्ञानी थकले तिथे. माझ्या डोळ्यांदेखत सगळी निघून गेली. पोरीचा प्रवास माझ्यामुळे अडला, हे सांगायला तोंड राहिलं नाही मला. मग सकाळी खिळा निघाला, तेव्हा वाटलं देवानेच झाकलं."

"देवाने नाही. तुझ्या सुनेने, थोरल्याच्या घड्याळाचा खिळा उपसून."

तिने पहिल्यांदाच वळून पाहिलं. दारात सून उभी होती, तिच्यामागे धाकटी, आणि बऱ्याच अंतरावर हवावाला, मान खाली घालून.

"त्या घड्याळाचा खिळा काढलास?" सासूने विचारलं. "माझ्यासाठी?"

सून खाली बसली आणि सासूच्या खांद्याला डोकं लावलं.

"आई, तू मला उठवायचंस ना!" धाकटीचा आवाज चिरकला. "मी धरली असती उशी!"

सर्व्हेअर उठले. "धाकटे, वाटेत रडायला पुष्कळ रस्ता आहे. तुझा बूट आण."

"बूट?"

"ज्यात खडा आहे तो."

तिने बूट आणून उलटा केला, आपटला. फरशीवर टण्ण करून काहीतरी पडलं आणि गोल फिरत राहिलं. खडा नव्हता तो. वॉल्व्हची पिन होती.

"बुटांचा रॅक चाकाच्या बरोबर समोर," सर्व्हेअर म्हणाले. "सकाळी पायाखालीच आली होती, तूच रॅकवर फेकलीस. काखेत कळसा."

७

पिन त्यांनी पितळी टोपणाने स्वतः बसवली. थोरल्याचा पायपंप जिन्याखालून काढला. हवावाला पुढे झाला, "काका, मी मारतो, तुमचं वय..." तर त्यांनी नुसती मान हलवली. मग एकेक पाय पडू लागला. दमले की बायकोने पाय ठेवला. ती दमली की सुनेने. धाकटीने अर्थातच सगळ्यांत जोरात मारला. हळूहळू चाकाने मान वर उचलली.

हवावाल्याने खिशातला हवेचा मापक लावून पाहिला आणि अंगठा वर केला. मग चाचरत म्हणाला, "काकू, मला कळलं असतं तर... मी जिभेला चाप लावला असता. तो मला कधी पंपावर हवा भरूच द्यायचा नाही. माझ्या यंत्रावर विश्वास नाही म्हणायचा, गाढव."

"आणि मागचं चाक?" सून एकदम म्हणाली.

सगळे मागच्या चाकाकडे बघू लागले. सर्व्हेअरनी वाकून अंगठ्याने दाबलं. थोडं मऊ, पण भरलेलं. त्याला कुणाचाच हात लागलेला नव्हता.

"घाटाला पुरेल?" त्यांनी विचारलं.

हवावाल्याने मापक लावला. आकडा वाचायला त्याला जरा वेळ लागला. डोळे पुसावे लागले. "एकटी आहे, सामान थोडं. जरा जपून चालवली तर आरामात पुरेल काका. नंतर हळूहळू कमी होईलच, तेव्हा वरून थोडी घालावी लागेल. पण आतली काढायची गरज नाही. कधीच नाही."

"ऐकलंस?" सर्व्हेअर धाकटीला म्हणाले. "मागचं चाक कुठेही रिकामं करून घ्यायचं नाही."

धाकटी हेल्मेट हातात धरून उभी राहिली. "सायकल शिकवताना दादा मागूनच धरायचा," ती म्हणाली. "सोडलं की नाही ते सांगायचा नाही."

तिने हेल्मेट चढवलं, त्यामुळे पुढचं तिचं तोंड कुणाला दिसलं नाही. आईने डबा मागे बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. गाडी सुरू झाली. फाटकातून बाहेर, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, आणि मग नुसता आवाज, आणि मग तोही नाही.

सर्व्हेअर आत गेले. हातोडी घेऊन हिरव्या खोलीत खिळा त्याच्या जुन्या भोकात बसवला, घड्याळ टांगलं, जरा तिरकं झालं ते सरळ केलं. बाहेर येऊन खुर्चीत बसले. सकाळचा चहा तिथेच होता, वर साय धरलेली.

बायको कप उचलायला आली तर ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. बोटांच्या पेरांवर लाल फोड आले होते.

"अगंबाई, हे काय झालं?"

"पोळलं."

"कधी?"

"सकाळी. कप धरला होता." त्यांनी बोटं मिटून पाहिली, आणि तोंड वेडंवाकडं झालं. "दुखतंय गं. फार दुखतंय."

तिने कप खाली ठेवला, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांच्यावर फुंकर घालू लागली. तेव्हा कुठे सर्व्हेअर रडले.